खरखर गेली, सळसळ आली

ठमी दुपारी दोनला झोपते आणि मी माणसं मारायला बसते.

कम्प्युटरवर, हे लगेच सांगितलेलं बरं. एकदा लसीच्या रांगेत हे वाक्य मी नुसतंच बोलून गेले, तर शेजारची बाई आपलं बाळ उचलून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली.

ठमी म्हणजे माझी दहा महिन्यांची लेक. ती दोन ते साडेतीन झोपते. कधी सव्वातीनलाच उठते, आणि एकदा माझ्यावर उपकार म्हणून चारपर्यंत झोपली होती. तेवढ्या वेळात आमची तिघांची टीम खेळते. कप्तान आहेत एक दातांच्या डॉक्टर. त्यांचा दवाखाना एक ते चार बंद असतो. दुसरा बेकरीवाला. तो पहाटे भट्टी पेटवतो, त्यामुळे दुपारी दोनला त्याचा दिवस संपत आलेला असतो आणि तो गोळ्यासुद्धा जांभया देत झाडतो. तिसरी मी. दोघंही आमच्याच गावात राहतात, पण मी त्यांना आवाजापलीकडे ओळखत नाही. त्यांनाही माझ्याबद्दल फार माहिती नाही, आणि हेच मला आवडतं. त्या दीड तासात मला कोणी दूध, ताप, दात यांतलं काही विचारत नाही. दातांबद्दल तर डॉक्टरसुद्धा नाही.

खेळ असा, की एक रिकामी पाच मजली इमारत आहे. आम्ही तिघं आत, समोरचे तिघं आत. शेवटी ज्यांचा माणूस उभा राहील ते जिंकले. आत अंधार असल्यामुळे दिसत काहीच नाही; सगळं कानांवर. लाकडी जिन्यावरचं पाऊल वेगळं वाजतं, फरशीवरचं वेगळं, फुटक्या काचांवरचं वेगळं. ज्याला आधी ऐकू येतं तो वाचतो.

आणि मला ऐकू येत होती खरखर. कम्प्युटरच्या मदरबोर्डवरच आवाजाची जी फुकटात मिळालेली सोय असते, तिच्यातून माझ्या हेडफोनमध्ये यायची ती. माउस हलवला की घूं, आतला पंखा वेगात फिरला की शीऽऽ. शत्रू जाडजूड बूट घालून, खाकरत, काचा तुडवत माझ्या मागे येऊन उभे राहायचे आणि मी आपली भिंतीकडे बघत बसलेली.

सोमवारी मी अशीच सातव्यांदा मेले, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "हे बघ, शनिवारी दुपारच्या टीमांची स्पर्धा आहे. माझी भाची कधीपासून मागे लागलीय मला घ्या म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पहाऱ्यावरच्या माणसाला काहीच ऐकू येत नसेल तर कसं व्हायचं?"

"शनिवारपर्यंत करते काहीतरी."

"कर. नाहीतर भाची." दाढ काढायची आहे हे सांगतानाही त्या असंच बोलत असणार.

"वहिनी, रडू नका हां," बेकरीवाला म्हणाला आणि त्याने लांबलचक जांभई दिली.

मी रडले नाही. म्हणजे तेव्हा नाही. ठमीचे कपडे वाळत घालताना थोडीशी.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतो. तो आधी म्हणाला, "अगं, मदरबोर्डवरचा आवाज पुरतो. हल्ली वेगळं साउंड कार्ड कोण घेतं?" मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मंगळवारी येताना कार्ड घेऊन आला. तळहाताएवढी काळी पाटी, एका कडेला ओळीने भोकं. खोक्यावर एक तलवारवाली बाई होती. ठमीने कार्डाकडे ढुंकून पाहिलं नाही; ती बाई मात्र चाटूनपुसून स्वच्छ केली.

"मी बसवतो," नवरा म्हणाला.

"तू?" मागून बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. "तू चष्मे पूस. वायरीचं काम आहे हे."

बाबांनी चौतीस वर्षं नाट्यगृहात आवाजाचं काम केलं. पाऊस, वीज, दारावरची थाप, टेलिफोनची घंटा, सगळं त्यांच्या बोटांतून यायचं. "चौतीस वर्षांत माझा एकही फोन चुकीच्या वेळी वाजला नाही," हे ते साधारण आठवड्यातून दोनदा सांगतात. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांची पांढरी चिकटपट्टी आमच्या घरावर उतरली. त्यांची पद्धतच तशी: ज्या वायरीवर जी पट्टी, तीच पट्टी भोकावर, आणि वायर कितीदाही काढली तरी ती आपल्या पट्टीवरच परत जाणार. फ्रिजच्या प्लगवर ‘फ्रिज, काढू नये’. ठमीच्या बुटांवर ‘डा’ आणि ‘उ’. पाळण्याच्या एका बाजूला ‘डोकं इकडे’. ठमी निरक्षर असल्यामुळे पाय तिकडे करून झोपते.

बुधवारी सकाळी कार्ड बसवायचा सोहळा झाला. बाबांनी आधी सगळ्यांना नळाला हात लावायला लावला.

"अंगातली वीज उतरली पाहिजे. एक ठिणगी आणि कार्ड खलास."

"मी तर इथं भाजी निवडतेय," आई म्हणाल्या. आई म्हणजे सासूबाई. त्यांनी शाळेत गणित शिकवलंय.

"तरी लाव."

त्यांनी लावला. ठमीनेही लावला आणि मग नळ सोडायलाच तयार होईना. तिला नळापासून सोडवून आणेपर्यंत बाबांनी मागच्या साऱ्या वायरी काढून खोकं उघडलं होतं. कार्ड खाचेत ठेवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्. काय तो चेहरा त्यांचा! आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना खरोखरीचं काम दिलं होतं. मग ते टेबलाखाली शिरले आणि पट्टी बघून बघून एकेक वायर परत लावली.

"माउस ते माउस. पडदा ते पडदा. कान ते कान. चल, सुरू कर."

नवऱ्याने कार्डाबरोबर आलेलं सॉफ्टवेअर कम्प्युटरवर चढवलं. बाबांनी आपला जुना साठा काढला: नाट्यगृहातला पाऊस. मग नवऱ्याने आईंच्या कानांवर हेडफोन चढवला आणि सवयीने विचारलं, "आता सांग, आधीचं बरं होतं की हे?"

आईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा टेबलाला धरून उभे होते, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे.

"हे बरं," आई म्हणाल्या. "पुष्कळच."

मग नवऱ्याने ऐकलं. डोळे मिटले. "आई शपथ! मागे बारीक सळसळ येतेय बघ. ही आधी ऐकूच यायची नाही."

"बघू," मी म्हणाले आणि ऐकलं. "अरे, ही तर आपली खरखर."

"नाही नाही. आधी ती खरखर होती. आता सळसळ आहे."

बाबांनी हेडफोन घेतला, मान किंचित तिरकी केली आणि बराच वेळ ऐकलं. "पानांची आहे ती सळसळ," ते शेवटी म्हणाले. "त्या पावसात मागे झाड होतं. मला आठवतं."

सगळ्यांना फरक कळत होता. मलाच कळत नव्हता. मीही "वा" म्हणाले.

दुपारी खेळायला बसले आणि पहिल्याच मिनिटाला मागून गोळी खाल्ली.

"कार्ड बसवलंस ना?" डॉक्टर.

"हो. फारच छान आहे."

"मग?"

"कानांना अजून सवय व्हायचीय."

माउस हलवला की घूं. पंखा फिरला की शीऽऽ. म्हणजे कार्ड उत्तम, हेडफोन उत्तम, आणि बिघाड माझ्यात. दहा महिने सलग झोप नाही. बाळंतपणात केस गेले, कमरेचे हाल झाले, आता कानही गेले म्हणायचे. गुरुवारी सकाळी ठमीला कडेवर घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला छोट्या खोलीत बसवलं आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. ठमी माझ्या मांडीवर. आवाज माझ्या कानांत होता, पण मी बटण दाबलं की ती टाळी वाजवायची.

"कान एकदम शाबूत," डॉक्टर म्हणाले. "आणि हिचे हातही."

यावर खूश व्हायला हवं होतं. पण मग मी मरत का होते? गुरुवारी दुपारी चारदा मेले. एकदा तर शत्रू माझ्यामागे येऊन इतका वेळ थांबला, की बहुतेक त्यालाच संकोच वाटला असावा.

शुक्रवारी सकाळी आई ओट्याशी डाळ धूत होत्या आणि मी ठमीच्या बाटल्या. बाबा फिरायला गेले होते, नवरा दुकानात.

"उद्या तुझी स्पर्धा ना?" आई म्हणाल्या.

"डॉक्टर आज सांगतील मी आहे की भाची."

"भाचीला येतं का खेळायला?"

"तिला ऐकू येतं, आई." मी हातातली बाटली खाली ठेवली. "मला काही फरकच कळत नाहीये. तुम्हाला सगळ्यांना कळतोय आणि मला..."

आईंनी नळ बंद केला. दारातून बाहेर डोकावून पाहिलं. मग माझ्या जवळ येऊन, पेपर फुटल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मला तरी कुठं कळतोय?"

"काय?"

"काडीचा फरक नाही. तस्साच आवाज."

"मग तुम्ही पुष्कळच बरं म्हणालात की!"

"त्यांचा चेहरा बघितलास ना तू? मग?" त्यांनी पदराला हात पुसले. "पण मी चाळीस वर्षं वह्या तपासल्यात. उत्तर तेच येत असेल तर गणितात काही बदललेलंच नाही. चल, बघू."

आम्ही दोघी टेबलाखाली शिरलो. आई मोबाइलचा उजेड धरून. ठमी आमच्या मधून रांगत. मागच्या बाजूला वर भोकांची एक जुनी ओळ, तिथं पांढरी पट्टी, ‘कान’, आणि त्यात आमची वायर डौलात बसलेली. खाली नव्या कार्डाची नवी कोरी भोकं. पट्टी नाही, वायर नाही, काहीच नाही. तीन दिवस ते बिचारं कार्ड आत नुसतं पाहुण्यासारखं बसून होतं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आई आधी हसल्या. मग आम्ही दोघी टेबलाखाली इतक्या हसलो, की ठमी आधी घाबरली आणि मग आपणही हसावं असं वाटून हसली.

मी वायर कार्डात लावली. एकदम शांतता. मी दचकले. मग लक्षात आलं, कम्प्युटरला सांगायला हवं की बाबा रे, आता इथून बोल. यादीतून नव्या कार्डाचं नाव निवडलं.

काय सांगू! खरखर नाही, घूं नाही, शीऽऽ नाही. आधी वाटलं बंदच पडलं. मग त्या स्वच्छ पोकळीत, इमारतीच्या खूप खालच्या मजल्यावर, कुठेतरी थेंब पडला. त्या इमारतीत एक नळ गळतो, हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी एकदाही मेले नाही. बेकरीवाला जांभई अर्धी टाकून म्हणाला, "वहिनी, हे कोण खेळतंय?" डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "उद्या दोनला. असंच." पण भाचीचं नाव निघालं नाही.

संध्याकाळी बाबांनी सहज हेडफोन घातला. पाऊस लावला. कपाळाला आठी.

"परवाच्याइतकं नाही वाटत आज."

"म्हणजे?" मी.

"सळसळ गेली. झाड नाही ऐकू येत." ते टेबलामागे वाकायला लागले. "बघतो जरा मागे."

"अहो!" आई इतक्या जोरात म्हणाल्या की ठमीने बाटली टाकली. "तिच्या डाव्या बुटाची पट्टी निघालीय. पोर उलटे बूट घालून फिरेल!"

ठमीला अजून चालता येत नाही. पण बाबा धावले.

त्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सांगायचं तरी कसं? चौतीस वर्षांत एकही फोन चुकला नाही, आणि घरी सुनेची एक वायर चुकली, म्हणून?

शनिवारी ठमीला दोनला दहा कमी असताना झोपवलं. नवरा मुद्दाम घरी थांबला. आई आणि बाबा मागे खुर्च्या टाकून बसले. मी हेडफोन घातला, खेळ सुरू केला. काही नाही. थेंब नाही, डॉक्टर नाहीत, काही नाही. खरखरसुद्धा नाही.

"सकाळी मागची सगळी धूळ पुसली हो," बाबा मागून अभिमानाने म्हणाले. हेडफोन कानांवर असूनही त्यांचं तेवढं ऐकू आलं. "साऱ्या वायरी काढल्या, पुसल्या, आणि एक वायर भलतीकडेच गेलेली दिसली. नीट पट्टीवर आणून लावली."

म्हणजे कम्प्युटर बोलत होता नव्या कार्डातून आणि वायर होती जुन्या भोकात. पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली होती. वीस. एकोणीस. डॉक्टरांची अक्षरं उमटली: ऐकू येतंय का? बोल ना.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या खुर्चीतून अर्धवट उठल्या, पुन्हा कुठलातरी बूट शोधायला. पण बूट आणायला वेळ कुठं होता? चौदा. तेरा.

"बाबा," मी म्हणाले, "वायर चुकीच्या जागी आहे. पट्टी जुन्या भोकावर आहे. नवं कार्ड खाली."

बाबा थांबले. "कधीपासून?"

"बुधवारपासून."

आठ. सात. मला वाटलं आता ते उठून आत जातील. त्यांनी गुडघा टेकला, टेबलामागे हात घातला आणि न बघता, नुसत्या बोटांनी चाचपत, वायर काढून खाली लावली. मध्येच दिवे गेले तरी प्रयोग थांबू न देणारा माणूस तो.

"आता?"

थेंब पडला. मागोमाग डॉक्टर कानात ओरडल्या, "अगं आहेस का?"

"आहे."

पहिला डाव आम्ही हरलो. दुसरा डॉक्टरांनी एकटीने काढला. तिसऱ्यात बेकरीवाला जिन्यात पडला, मरता मरता "झोपतो मी" म्हणाला, मग डॉक्टर पडल्या आणि उरले मी. समोर दोघं. पहिला खालून येत होता. काचा, फरशी, मग लाकूड, एकेक पायरी. दाराशी येण्याआधीच मी दारातून गोळी घातली. दुसरा मात्र हलेना. तोही ऐकत होता. इमारतीत फक्त थेंब. किती वेळ गेला कोण जाणे. मग अगदी जवळ, डावीकडे वर, बंदुकीत गोळी सरकवताना होतो तेवढा आवाज झाला. मी वळले, गोळी झाडली आणि डाव आमचा झाला.

हेडफोनमध्ये डॉक्टरांचा नाक ओढल्याचा आवाज आला. "भाचीला मी कळवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी तूच पहाऱ्यावर."

हेडफोन काढला तर घरभर ठमीचं रडणं. कधीची उठली होती देव जाणे; इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की स्वतःची पोर ऐकू आली नव्हती. नवरा तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता. मी तिला घेतलं, तिच्या ओल्या गालाला गाल लावला. गप्प झाली.

बाबा अजून जमिनीवरच बसले होते.

"म्हणजे बुधवारी तुम्ही सगळे खोटं बोललात."

"हो," आई म्हणाल्या.

"तू?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"दुकानात रोज बघतो मी," नवरा म्हणाला. "तीच काच दोनदा लावली तरी गिऱ्हाईक म्हणतं, दुसरी बरी. मला वाटलं, आपणही गिऱ्हाईक होऊन बघू."

"आणि सूनबाई, तूपण वा म्हणालीस."

"तुम्हाला झाडाची सळसळ ऐकू आली ना पण. मग माझी हिंमत होईना."

बाबांनी चिकटपट्टीचं रीळ हातात घेऊन उगाच फिरवलं. "कुठलं झाड? मला उजव्या कानाने चार वर्षं धड ऐकू येत नाही. तुम्ही सगळे वा वा करायला लागलात. म्हटलं, असेल बुवा काहीतरी, आपल्यालाच येत नसेल."

मग आईंना हसू आवरेना. त्या तोंडाला पदर लावून हसत राहिल्या आणि बाबा त्यांच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न करत राहिले, पण त्यांना ते जमेना.

तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला: तुझं कार्ड कोणी बसवलं? माझ्याही हेडफोनमध्ये फार खरखर आहे.

मी वाचून दाखवला. बाबांची मान ताठ झाली. उठले, शर्ट झटकला, रीळ खिशात टाकलं.

"उद्या सकाळी येतो म्हणून कळव," ते म्हणाले. "आणि हे बघ, वायर मी लावेन. पण लागली की नाही ते ऐकायला तू चल."